रोतुआ बेटावर निघाली

सिबोल्गाच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याची लेक उभी होती.

“चर्चची पाळक व्हायला निघालीस, रोतुआ. देवाची हाक ऐकू तरी आली का?”

“नाही, बाबा. पण त्या बेटावर तीन वर्षं पाळक नाही. एका बाईने आपलं बाळ स्वतःच पुरलं, प्रार्थना म्हणायलाही कुणी नव्हतं. ते कळल्यापासून मला चैन नाही.”

“म्हणजे हाक त्या बाईची.”

“मला त्या दोन वेगळ्या वाटत नाहीत.”

“आणि मी हाक मारली तर?”

“तर थांबेन, बाबा.”

भोंगा वाजला.

“तुझी आई गेली तेव्हा पाळक दिवसभर माझ्याजवळ बसून होते.”

“आठवतंय.”

“मग चढ. फक्त एकट्यापुरता भात किती लावायचा, तेवढं सांगून जा.”