बाबांनी आणलेला फॅन

अरे, मी मातीच खाल्ली! बाबा नागपूरहून माझ्याकडे बनशंकरीला राहायला आले. मी घरूनच काम करतो. ते बोलायला लागले की मी म्हणायचो, "बाबा, कॉम्प्युटरचा फॅन घरघरतोय, ऐकू येत नाही."

परवा ते एकटेच दुकानात जाऊन नवीन फॅन घेऊन आले. येताना 'ठीक आहे'ऐवजी इथलं कन्नड 'सरी' म्हणायलाही शिकले. "दुकानदार अण्णा म्हणाले, मोठा फॅन हळू फिरतो. गार करतो अन् आवाजही नाही."

बसवला. खरंच, आवाज शून्य! बाबा खुर्ची ओढून बसले. "हं, आता ऐक..."

माझे डोळे स्क्रीनवर. सवयीने बोलून गेलो, "बाबा, फॅनचा आवाज..."

दोघंही फॅनकडे बघत राहिलो.

"सरी," म्हणाले आणि उठले. दारसुद्धा आवाज न करता लावलं.