विमानाचा बोंबलणारा डबा

हसू नका, माझीच खोडी माझ्यावर उलटलेली. माझा मेव्हणा सदा मुंबईला छोटी विमानं दुरुस्त करायचा. विमान पडलं की जो डबा रेडिओवर बोंब मारतो, तसला एक तो बॅटरी बदलायला डोंगराखालच्या आमच्या निडी गावाला घरी घेऊन आला. दुपारी विमानांचं बोलणं ऐकायचा त्याचा रेडिओ लावून बसला, तसा मी गुपचूप डब्याचा खटका दाबला. रेडिओ विव्हळायला लागला.

सदा पांढराफटक. "भावोजी, बंद करा! लोक शोधायला निघतील, माझी नोकरी जाईल!"

मी हसत खटका बंद केला. रेडिओ विव्हळतोच हाय. सदानं बॅटरीच उपटून हातात धरली. तरी विव्हळतोय.

"आता काय रे?"

सदा डोंगराकडे बघत हळू म्हणाला, "भावोजी, हा आपला डबा नाय. खरंच कोनतरी पडलंय."