रेडिओ गप्प होता ती दुपार

आजच्या निरोप समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, मुख्य अभियंता साहेब, माझे सहकारी, लाइनवरची मंडळी, शेजारीपाजारी, आणि पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघत बसलेले माझे यजमान,

मला दहा मिनिटं दिली आहेत. मी वेळ पाळते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. काहींना जरा जास्तच माहीत आहे.

प्रमुख पाहुण्यांनी माझ्याबद्दल फार चांगलं बोलून घेतलं. त्यांचे आभार. आभार मानायची मला सवय नाही, तेव्हा आज ते थोडे वेडेवाकडे मानले जातील, सांभाळून घ्या. मात्र पाहुण्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला दुरुस्त करायची आहे. सबस्टेशनच्या पॅनेलवर एवढी वर्षं बसल्यावर चुकीचं रीडिंग तसंच पुढे जाऊ देणं मला जमत नाही.

ते म्हणाले, “संसारापेक्षा कर्तव्य मोठं मानणारी बाई.” आणि मग त्यांनी ती दुपार सांगितली. टाळ्या पडल्या. टाळ्या पडत असताना मी पहिल्या रांगेकडे बघत होते. आमच्या यजमानांनी मान खाली घातली होती. ते वाक्य त्यांच्यासमोर तसंच राहू देणं बरोबर नाही, आणि ते खरंही नाही. म्हणून ती दुपार आता मी सांगते.

आमच्या कामाचा एक नियम आहे. विजेच्या खांबावर माणूस चढला की त्या लाइनचा सप्लाय बंद ठेवायचा, आणि जो चढला त्याने स्वतः, आपल्या तोंडाने, “उतरलो” म्हणून ऑपरेटरला सांगितल्याशिवाय तो चालू करायचा नाही. दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. वरिष्ठाने सांगितलेलंही चालत नाही. नियम साधा आहे. तो पाळायला शौर्य लागत नाही, कान लागतो.

त्या वेळी आमच्या गँगमध्ये एक लाइनमन होता. त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. का, ते तुम्ही ओळखलंच असेल. बाकीची माणसं खाली आली की वायरलेसवर म्हणत, “मॅडम, उतरलो.” संपलं. रेडिओ उतरला की बातम्या सुरू. “मॅडम, उतरलो बरं का, वर आज वारा असा गोड होता की उतरू नये असं वाटलं. आणि वरून शाळेचं पटांगण दिसतं. माझी धाकटी दोरीवरच्या उड्या मारत होती, खोकला असून. घरी गेल्यावर बघतो तिला. आणि कावळ्याने घरटं बांधलंय मॅडम, आपल्याच स्टोअरची तार चोरून.”

मी म्हणायची, “कामाचं बोल. उतरलास का?”

“उतरलो म्हणून तर बोलतोय मॅडम. वर असताना बोलतो का कधी?”

“तुझ्या बोलण्याला मीटर बसवायला हवा.”

“बसवा की. बिल बायकोला पाठवा, तीच भरते रोज.”

मला राग यायचा. मी हसत नसे. पण ऐकत होते, कारण दुसरा इलाज नव्हता. वायरलेसला कान बंद करायचं बटण नसतं. अशा तऱ्हेने, माझी काहीही इच्छा नसताना, मला कळत गेलं की थंडीत पहाटे तारांवर दव धरतं तेव्हा त्या मोत्यांच्या माळेसारख्या दिसतात, की पावसाळ्यात खांब हाताला शेवाळासारखा लागतो, की विटांच्या भट्टीजवळच्या शेवटच्या खांबाखालचं झाड उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरतं आणि वर त्याचा वास येतो. मला ऋतू कळायचे ते लोडवरून. पंख्यांचा लोड चढला की उन्हाळा, उतरला की थंडी. खिडकीबाहेर काय चाललंय ते मी फारसं बघत नसे.

आता ती दुपार. कडक उन्हाळा होता, आदल्या दिवशीच्या वादळी वाऱ्याने तीन ठिकाणी तार खराब केली होती. तिघं तीन खांबांवर चढले. शेवटचा, भट्टीजवळचा, रेडिओकडे होता. मुकादम जीपमध्ये वायरलेस घेऊन मधल्या खांबापाशी थांबला होता. काम तासाभराचं, पण लांबलं. ती लाइन आमच्याच भागाची होती. माझं घर त्याच लाइनवर.

घरी सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. वीज गेली की लावायला एक सिलिंडर ठेवलेला असायचा. तो तासभर आरामात पुरायचा. जास्त ताणला तर थोडा अधिक.

फोन सुरू झाले. एक गृहस्थ म्हणाले, “बाई, झोपा काढताय का?” मी म्हटलं, “नाही, तुमचा फोन घेतेय,” आणि ठेवला. मग यजमानांचा आला.

“सिलिंडरचा काटा लाल रंगावर आलाय. किती वेळ?”

“काम संपत आलंय. तोवर शेजारी सांगून ठेवा.”

इतक्यात वायरलेस खरखरला. पहिला म्हणाला, “मॅडम, उतरलो.” दुसरा म्हणाला, “उतरलो मॅडम.” मी लाइन चालू करायच्या ब्रेकरच्या हँडलपाशी जाऊन उभी राहिले. मग तिसरा आवाज आला. जाडसर, खरखरीत, वायरलेसवर सगळ्यांचेच लागतात तसा. “मॅडम, मी पण उतरलो.”

आणि तो थांबला.

इथे पाहुण्यांची गोष्ट चुकते. ते म्हणाले, मी नियमावर ठाम राहिले. नाही. नियम पूर्ण झाला होता. तीन माणसं चढली, तीन आवाज आले. मी हँडल फिरवलं असतं तर कुठल्याही चौकशीत माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं, आणि सासूबाईंचं मशीन त्याच क्षणी सुरू झालं असतं. कर्तव्य म्हणत होतं, चालू कर. संसारही म्हणत होता, चालू कर. दोघांचं एकमत होतं. ते फार वेळा होत नाही.

माझा हात हँडलवर होता. डोक्यात एवढंच आलं, की रेडिओ चार शब्दांत थांबला?

मी वायरलेसवर विचारलं, “कावळ्याची पिल्लं उडाली का?”

खरखर. मग तोच आवाज, “काय मॅडम?”

“पिल्लं. उडाली का?”

“हो हो, उतरलो मी.”

मी हँडलवरून हात काढला. म्हटलं, “मुकादमांना द्या.”

मुकादम आले. म्हणाले, “मॅडम, रागावू नका. इथून झाडांमुळे वरचं दिसत नाही, पण त्याची सायकल खांबापाशी नाही. तो उतरून पाणी प्यायला गेला असणार, वस्तीवर. तुमच्या घरी म्हातारी मशीनवर आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, कशाला थांबवायचं, मीच जीपच्या ह्या ड्रायव्हर पोराला बोलायला लावलं.”

या माणसाला मी दोष देत नाही. ते आज हयात नाहीत, आणि माझ्यासाठी त्यांच्याइतकं कुणी केलं नसेल. त्यांनी जे केलं ते माझ्या सासूसाठी केलं. माणसाचा चांगुलपणाही कधीकधी हँडलवर हात ठेवून उभा असतो.

मी म्हटलं, “जीप घ्या आणि भट्टीच्या खांबापर्यंत जा. डोळ्यांनी बघा आणि मग बोला.”

“रस्ता कालव्याला वळसा घालून आहे मॅडम. वेळ लागेल.”

“लागू दे.”

तेवढ्यात यजमानांचा पुन्हा फोन. हे शब्द मी आजवर कुणापुढे उच्चारलेले नाहीत. ते म्हणाले, “आईचे ओठ निळे पडतायत. बटण तुझ्या हातात आहे ना?”

“त्यांना खुर्चीत बसवा आणि हॉस्पिटलमध्ये न्या. तिथे जनरेटर आहे.”

“तिसरा मजला आहे गं. लिफ्ट बंद आहे. तू चालू का करत नाहीस?”

मी म्हटलं, “माणूस वर आहे.”

त्यांनी फोन ठेवला.

मला माहीत नव्हतं की माणूस वर आहे. हे नीट ऐका. माझ्याकडे एक बिनसायकलचा खांब होता, आणि एवढीच शंका होती, की ज्याला गप्प बसवायला मी वर्षानुवर्षं झटले तो आज आपण होऊन गप्प का. तो खरंच वस्तीवर पाणी पीत बसला असता तर? तर मी एका लहरीपायी घरातलं माणूस घालवलं असतं. त्या खोलीत मी उभी होते, पॅनेलवरचा लाल दिवा बघत, आणि फोन वाजत होते. मी एकही घेतला नाही. फक्त वायरलेसकडे बघत राहिले. असं मन लावून मी आयुष्यात कुणाच्या बडबडीची वाट पाहिली नव्हती. वाटत होतं, बोल रे. मुलीचा खोकला सांग. झाडाचं सांग. काहीही सांग.

मग मुकादमांचा आवाज आला. ओळखू येत नव्हता. “मॅडम, आहे. वरच आहे. कमरेच्या पट्ट्यात लटकलाय. उन्हाने शुद्ध गेलीय. हात तारेवर पडलाय त्याचा.”

सायकल त्याच्याबरोबरचा हेल्पर घेऊन गेला होता, त्याच्यासाठीच पाणी आणायला.

त्यांनी त्याला उतरवलं. मी एकेकाला वायरलेसवर बोलायला लावलं, रेडिओला जीपमध्ये घातल्याचं प्रत्येकाकडून स्वतंत्र ऐकलं, आणि मग लाइन चालू केली. आमच्या घरात मशीन सुरू झालं, पण तोवर तिथे वापरणारं कुणी नव्हतं.

सासूबाईंना जिन्यावरून खाली नेलं ते यजमानांनी आणि आमच्या शेजारणीने. ती शिवणकाम करते, इथे चौथ्या रांगेत बसली आहे आणि आता माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे, कारण तिला नाव काढलेलं आवडत नाही. मी नाव काढलेलं नाही. तिने खुर्चीचे पाय धरले होते, आणि तीन मजले उतरेपर्यंत तोंड मिटलं नव्हतं. घरमालक पायऱ्या दुरुस्त करत नाही, गिऱ्हाइकं मापं चुकीची देतात, धाकट्या जावेने शिवून नेलेला झगा परत आणला. सासूबाई नंतर सांगायच्या, “तिने इतकी बडबड लावली होती की मला मरायला फुरसतच मिळाली नाही.”

ड्युटी संपवून संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये पोचले. यजमान बाकावर बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मी आत गेले. सासूबाईंनी तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला. नर्स ओरडली. सासूबाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि मला विचारलं, “तो उतरला का?”

“उतरला. ह्याच हॉस्पिटलमध्ये आहे, खालच्या मजल्यावर.”

“बोलला?”

“अजून नाही.”

त्यांनी मुलाला हाक मारली. “जा. खाली जाऊन बस त्याच्या बायकोपाशी. तिला कुणी चहा विचारलाय का बघ.”

“आई, मी इथे...”

“इथे ही आहे. तू जा.”

ते गेले. अर्धी संध्याकाळ आले नाहीत. मी सासूबाईंच्या पायाशी बसून होते. खिडकीतून गरम वारा येत होता आणि त्यात कुठल्यातरी झाडाचा वास होता. पांढऱ्या फुलांच्या त्या झाडाचा असेल किंवा नसेल. मी कधी ते झाड बघायला गेलेच नव्हते. मग दार उघडलं. यजमान आत आले, माझ्या शेजारी बसले, आणि म्हणाले, “शुद्धीवर आला. किती बोलतो गं तो.”

त्या दुपारबद्दल ते एवढंच बोलले. त्यानंतर आजवर एक शब्द नाही. मी वाट पाहिली, मग वाट पाहणं सोडलं. पण त्या रात्री जेवताना त्यांनी मला गुलाबाच्या कलमाला फूट आल्याचं सांगितलं, आणि मी, जी असल्या बोलण्याला “बरं” म्हणून पान वाढत असे, मी विचारलं, “किती?” सासूबाई पुढे काही हिवाळे आमच्यात होत्या. थंडीत सांधे कसे दुखतात ते त्या रोज सांगत, आणि रोज नवीन सांगत. मी ऐकलं. सगळं.

तेव्हा पाहुण्यांची क्षमा मागून सांगते, की मी संसारापेक्षा कर्तव्य मोठं मानलं नाही. त्या दिवशी एक माणूस वाचला तो त्याच्या मुलीच्या खोकल्यामुळे, कावळ्याच्या घरट्यामुळे, रोजच्या अशा बोलण्यामुळे, ज्याला आपण फालतू म्हणतो. आणि ज्याने त्या दिवशी खुर्ची उचलली त्याला इतक्या वर्षांत मी धड एकदाही सांगितलं नाही. आज सांगते. अहो, तुम्ही आईंना उतरवलंत म्हणून मला हँडलपासून हात लांब ठेवता आला. तुमचे आभार. आता वर बघायला हरकत नाही.

दहा मिनिटं होऊन गेली. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. इतक्या वर्षांत ज्यांचे फोन मी वाक्य पुरं व्हायच्या आत ठेवले, त्यांनीही मला माफ करावं. त्या दुपारी बंद ठेवलेल्या लाइनची माफी मात्र मी मागणार नाही.

जाता जाता एक सूचना. रेडिओ आज इथे का दिसत नाही, असं काहीजण विचारत होते. सकाळपासून वारा सुटलाय, तो कालव्यापलीकडे खांबावर चढायला गेलाय. माझ्या जागी आजपासून पॅनेलवर नवीन मुलगी बसली आहे, हुशार आहे, पण नवीन आहे. चहाच्या वेळी लाइट गेले तर शांत बसा, एकमेकांशी बोला, आणि तिला फोन करू नका. तो उतरला की तिला त्याचं सगळं ऐकून घ्यायचं आहे, आणि त्याला वेळ लागतो.