नाटकातली धामण

दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघणारी शिंपीण सुजलेला गाल धरून बसली होती. पण शेजारच्या बाकावरच्या दोन शेतकऱ्यांचं बोलणं सुरू झालं आणि तिला दाढेचं भानच राहिलं नाही.

“शाळेच्या नाटकाला गेला होतास म्हणे?”

“गेलो होतो, स्वतःची शोभा करून घ्यायला! विषय काय, तर शेतीमुळे साप-सरडे कसे संपतात. माझी पोरगी धामण झाली होती.”

“आणि शेतकरी?”

“नाटक बसवणाऱ्या बाईंचा भाचा. मिशा चिकटवून आला आणि पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर घातला माझ्या पोरीवर. काय छान मेली! टाळ्या थांबेनात. मग बाई माइकवर म्हणतात, ‘शेतकऱ्यांना काळीजच नसतं.’ सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले! यांच्या घरात धान्य काय आभाळातून पडतं?”

“पण नाटक केलं कुठे? मैदानात तर कमरेएवढं गवत होतं.”

“होतं ना. आदल्या दिवशी याच बाईंचा फोन, ‘ट्रॅक्टर घेऊन या, स्टेजपुरतं साफ करून द्या.’ दिलं. पात्यांत धामण आली. खरी. दोन तुकडे झाले.”

“बाईंनी बघितली?”

“बघितली की! म्हणाल्या, ‘मुलं यायच्या आत पुरून टाका. कोवळी मनं असतात.’”

“मग?”

“पुरली.”

“कुठे?”

“पोरगी स्टेजवर जिथे मेली ना, त्या फळ्यांच्या बरोब्बर खाली.”