डावीकडची जागा

औरंगपुऱ्यातल्या स्पीकरच्या दुकानात तनुजा बिलासाठी थांबली होती. शेजारी बजाजनगरहून आलेलं एक म्हातारं जोडपं होम थिएटर बघत होतं. काका इतक्या खड्या आवाजात बोलत होते, की कान न देताही तिला सगळं ऐकू येत होतं.

“पाच स्पीकरवालाच दाखवा! टीव्हीतलं बोलणं कळलं पायजे!”

“काका, दहा बाय दहाच्या खोलीत पाच कुठं ठेवता? पैसे वाया जातील,” दुकानदार म्हणाला.

“अहो, हळू बोला. भाऊ, यायनी तीस वर्षं कंपनीत पत्र्याच्या प्रेसवर काढली. उजवा कान पार गेला. डाव्यानंच येतं थोडंफार.”

“मग सोप्पंय, मावशी. हे लहान दोन घ्या, बजेटमधी बसतील. एक टीव्हीजवळ ठेवा, दुसरा काकांच्या डाव्या हाताला.”

“काय म्हणतो गं हा?”

मावशी वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेल्या.

“एक स्पीकर तुमच्या डावीकडं ठेवा म्हणतो.”

“तिथं नाय जमायचं.”

“का हो काका? भिंत हाय का?” दुकानदारानं आवाज चढवून विचारलं.

“तिथं ही बसती.”

“घ्या! अहो, मी बसंन की उजवीकडं. माझे दोन्ही कान शाबूत हायेत.”

“तुझे असतील! पिच्चर मुका चालंल मला. तू उजवीकडं गेलीस, तर तुझं बोलणं मी कुठल्या कानानं ऐकू?”

“अहो, हळू बोला. सगळं दुकान ऐकतंय.”