बघायची वेळ : अडीच ते साडेतीन

एजंट : ...आणि शांतता म्हणाल तर आजी, टाचणी पडली तरी ऐकू येईल. चौकापासून पन्नास पावलांवर, आणि ही अशी शांतता. खोटं कशाला बोलू, माझ्याकडे अशी दुसरी जागा नाही.

सासूबाई : मग नको.

एजंट : काय नको?

सासूबाई : जागा. चल गं, निघू या.

सून : आई, आत्ता तर दोन जिने चढून आलोय. निदान स्वयंपाकघर तरी बघू.

सासूबाई : तू बघ. मला कुठे दिसतंय?

एजंट : आजींना दिसत नाही? मघाशी तर म्हणाल्या, उजेड छान आहे.

सासूबाई : तुम्ही तीनदा म्हणालात. चौथ्यांदा म्हणू नये म्हणून मी हो म्हटलं.

सून : दोन वर्षं झाली, आईंची नजर गेली. आमचे हे बोटीवर असतात. मी शाळेत शिकवते, सातला बाहेर पडते ती चारला घरी. तोवर आई एकट्या.

एजंट : मग शांतता उलट बरी ना. तेवढाच आराम.

सासूबाई : आराम करून करून अंग आंबलंय माझं. आत्ता राहतो ती सोसायटी पार गावाबाहेर. दिवसभर चिटपाखरू नाही. सकाळ आहे की संध्याकाळ, काही उमगत नाही. मागच्या आठवड्यात जेवले, भांडी घासली, दुपारची झोप काढली, आणि हिला फोन केला, अजून आली कशी नाहीस म्हणून. तर सव्वादहा वाजलेले.

एजंट : बोलणारं घड्याळ मिळतं की हल्ली.

सासूबाई : आहे. त्यातली बाई दर तासाला बोलते. मला पटत नाही तिचं.

सून : भांडतात तिच्याशी. घरी आले की मला दोघींची बाजू ऐकून घ्यावी लागते.

सासूबाई : आधीच्या घराखाली बाजार होता. शटरं वर गेली की नऊ, हे कुणी सांगावं लागायचं नाही. माणसांत असल्यासारखं वाटायचं. हल्ली कधी कधी शंका येते, मी गेले की काय.

सून : आई.

सासूबाई : नुसती शंका म्हटलं.

एजंट : म्हणजे तुम्हाला गोंगाट हवाय.

सून : जाहिरातीत ‘गजबजलेला भाग’ लिहिलं होतं तुम्ही. म्हणून तर आलो.

एजंट : ते लिहायचं असतं, मॅडम. आणि आल्यावर शांतता दाखवायची असते. धंद्याची पद्धत आहे.

सून : दाखवायची म्हणजे?

एजंट : आता बोलूनच टाकतो. ही शांतता खरी नाही.

सून : मी साडेचारला येते म्हणत होते. मालकांना अडीचच जमतं म्हणालात. अर्धी रजा टाकलीय मी.

एजंट : मालक तीन वर्षांत इकडे फिरकलेले नाहीत. अडीच ते साडेतीन दुकानं बंद असतात, म्हणून अडीच. खाली पत्र्याचे डबे बनवतात, ते काका काही बंद ठेवत नाहीत. त्यांच्या हातापाया पडून तासभर थांबवलंय.

सासूबाई : आणि खिडक्या?

एजंट : लावून घेतल्यात.

सासूबाई : तरीच. जीव घुसमटत होता.

सून : आणि शांत म्हणून आम्ही घेतली असती तर?

एजंट : आठवडाभरात मला शिव्या घातल्या असत्या. सगळेच घालतात.

सासूबाई : अहो, मघाशी शांत म्हणालात, आता गोंगाट म्हणताय. तुम्ही तर गिऱ्हाईक बघून बोलताय. खरं कशावरून?

एजंट : थांबा. फोन लावतो. हॅलो, काका, मी वरून बोलतोय. करा सुरू. नाही, गिऱ्हाईक गेलं नाही. आहे की इथेच. अहो, त्यांनाच ऐकायचंय. शुद्धीवर आहे मी. मुद्दाम जोरात नको, रोजच्यासारखं.

(एजंट खिडकी उघडतो. खाली पत्र्यावर हातोडी पडू लागते.)

सासूबाई : दोघं आहेत.

एजंट : बापलेक.

सासूबाई : एकाचा हात अजून बसलेला नाही.

एजंट : मुलीचा. सहा महिनेच झालेत तिला.

सासूबाई : बसेल. बाकी दिवसभराचं सांगा.

एजंट : पहाटे दुधाचे क्रेट आपटतात. सातला समोरचा एक जण स्कूटर सुरू करायला लागतो, ती वीस मिनिटं होत नाही. पत्रा साडेदहाला. एकला बँकेतली माणसं जेवायला उतरतात आणि बरोबर ह्या खिडकीखाली उभं राहून साहेबाला नावं ठेवतात. चारला वरच्या मजल्यावर नाचाचा क्लास. मंगळवारी जास्त वेळ, का ते माहीत नाही.

सून : तुम्हाला एवढं पाठ कसं?

एजंट : लपवायचं तर पाठ हवंच, मॅडम. बारा वर्षांत आज पहिल्यांदा कुणी विचारलं.

सासूबाई : तू बोल गं. तुला वह्या तपासायच्या असतात. तुझं डोकं दुखेल.

सून : दुखेल.

सासूबाई : मग?

सून : दर तासाला तुमचा फोन येतो, आणि वर्गाबाहेर येऊन तुम्हाला वेळ सांगते मी. आता मुलंच ओरडतात, बाई, आजींना सांगा अकरा वाजले. आणि सोमवारी तुमचा फोन आलाच नाही, तेव्हा वर्ग तसाच टाकून रिक्षा पकडली मी. फार घाबरले होते, आई. त्यापेक्षा डोकं दुखलेलं परवडलं.

सासूबाई : मला डोळा लागला होता.

सून : माहितेय.

एजंट : मग काय ठरतंय? आणखी दोघं मागे लागलेत ह्या जागेसाठी.

सासूबाई : खोटं.

एजंट : हो. खोटं.

सून : घेतो आम्ही. कागद कुठे करायचे?

एजंट : माझ्या ऑफिसात. कोपऱ्यावरच आहे, चला.

सासूबाई : तुम्ही दोघं जा. मला तेवढी एक खुर्ची खिडकीशी लावून द्या.

सून : एकट्या बसाल इथे? तासभर तरी लागेल, आई.

सासूबाई : लागू दे. कळेल मला.