माल सावलीत, हौसा उन्हात

माझं गाव वारणेच्या काठचं, घरात आम्ही चार भाऊ, मी सगळ्यात धाकला, आणि धाकल्याच्या वाट्याला काय येतं ते तुम्हाला सांगायला नको, थोरल्यांनी पाण्याची जमीन घेतली आणि मला म्हणले तू चौथी शिकलेला हायस, तू शहरात जा. मग आलो कोल्हापुरात. एका शिंप्याकडं काजं करायची, बटणं लावायची, दुकान झाडायचं. तितं कातरण पडायचं, रंगीबेरंगी, शिंपी पोत्यात भरून टाकून द्यायचा. मी म्हटलं मालक, हे मला द्या. तो हसला, म्हणला ने की, गोधडी शिवणार हायस व्हय. गोधडी न्हाय, मी त्याच्या टोप्या शिवल्या लहान पोरांच्या, पुढं तळहाताएवढी झालर, मागं मानेवर पडदा, हनवटीखाली नाडी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदानावर प्रदर्शन यायचं, उभे पाळणे, पोरांची आगगाडी, मौत का कुआँ, माणसं लेकरं घेऊन भर बाराला यायची आणि तितं सावली औषधाला न्हाय. पहिल्याच दिवशी पोतं रिकामं झालं. शिंप्याला सांगितलं, उद्यापासनं मी येत न्हाय.

स्वतःची कड घेतोय असं न्हाय, पण भाव करावा तर मीच. कापडाच्या पेठेत व्यापारी मला बघून हिशोबाची वही मिटायचे. माझी रीत एकच. आपला भाव सांगायचा, त्यानं न्हाय म्हटलं की उठायचं आणि मागं न बघता चालायला लागायचं. दहा पावलं. दहाव्या पावलाला हाक येतेच, ओ पावणं, या की, रागावलासा काय. कधी चुकलं न्हाय. म्हणजे एकदाच चुकलं, ते सांगतो.

लगीन झालं चंदगडकडच्या पोरीबरोबर. हौसा तिचं नाव. तिकडं पाऊस असा की सहा महिने सूर्य बघायला मिळत न्हाय, काजूच्या झाडाखाली वाढलेली पोर, तोंड असं निर्मळ, काय सांगू तुम्हाला. माझ्याबरोबर धंद्याला उभी राहिली. माझ्यापेक्षा तिचाच माल जास्त खपायचा, कारण मी ओरडायचो आणि ती बोलायची. पाळण्याच्या रांगेत जाऊन म्हणायची, वैनी, बाळाचं नाक बघा कसं लाल झालंय, पाळणा वर गेला की आणखी ऊन लागतंय, मानंवर ओलं फडकं टाका, खिशात कांदा ठेवा, न्हायतर चारनंतर या, तवर तिकडं मैदानाभाईर लिंबाच्या झाडाखाली बसा. मी म्हणायचो अगं चारनंतर या म्हणतीस, मग टोपी कोण घेणार? ती म्हणायची घेत्यात की, खरं सांगितलं की घेत्यात. आणि घ्यायची माणसं.

आता ऐका. आमच्याकडं ताडपत्री एकच, चार बांबूंवर बांधलेली, आणि तिच्याखाली मावंल एवढा माल. टोप्यांचा रंग कच्चा असायचा, दोन दिवस ऊन लागलं की लालाचा गुलाबी व्हायचा, मग गिऱ्हाईक हात लावत न्हाय. म्हणून माल सावलीत आणि आम्ही दोघं भाईर. सगळेच असं करायचे, फुगेवाला काय, गोगलवाला काय. मला त्यात काय वावगं वाटलं न्हाय. मी उन्हातच वाढलेला. पण तिच्या नाकाची सालं निघाली, गालावर वांग उठले, दोन्हीकडं, तपकिरी. ती घरी येऊन ताकानं तोंड धुवायची, साय लावायची, आणि सकाळी परत उभी.

एकदा, भर गर्दीत, तिनं मालातली एक टोपी काढून डोक्यावर घातली. पदराच्या वरनं. दोघं-तिघं हसली. मला काय झालं कुणास ठाऊक, माझं डोकंच तसलं, मी गेलो आणि तिच्या डोक्यावरनं टोपी ओढून काढली. म्हटलं विकायचा माल घालतीस? तेल लागलं तर कोण घेईल? ती काय बोलली न्हाय. पदर पुढं घेतला आणि म्हणली, या ताई, बाळाला टोपी बघा.

बोलली असती तर बरं झालं असतं. अजून मला तिचा राग येतो तो ह्याचा.

त्याच हप्त्यात तिचा भाऊ आला. दत्तू, माझा मेव्हणा, काजू विकायला कोल्हापुरात आलेला, बहिणीला बघून जावं म्हणून मैदानावर आला. त्यानं पहिल्यांदा तिला वळखलंच न्हाय. मग वळखलं. ताडपत्रीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणला दाजी, टोप्या बऱ्या हायत तुमच्या, मजेत सावलीत बसल्यात. मी म्हटलं धंदा हाय, तुला काय कळतंय. तो म्हणला धंदा करा की, मी आक्काला चार दिवस घेऊन जातो. मी म्हटलं ने. हंगामात ने. तिनं माझ्याकडं बघितलं, मी पैसे मोजायचं नाटक करत राहिलो.

चार दिवसांचे सहा महिने झाले. मी म्हटलं नेली त्यानं, आणून सोडंल त्यानंच. तो तिकडं म्हणत असणार, बायको ज्याची, न्यायला येईल तो. दिवाळी झाली तसा मीच गेलो. हे लोकांना सांगत न्हाय मी, पण गेलतो. धोतर, कोट, पेढ्याचा पुडा. दत्तूनं भाईरच्या सोप्यावर घोंगडं टाकलं, पाणी दिलं, म्हणला दाजी, आक्का यील, पण गावातली पाच माणसं बसवतो, त्यांच्यासमोर बोला की तिला परत उन्हात उभी करणार न्हाय.

पाच माणसं! मी म्हटलं सावली करतो, दुसरी ताडपत्री घेतो, पण पाच माणसं कशाला, तू हाईस की. तो म्हणला न्हाय, पाच. मी म्हटलं दोन कर. त्याच्या कपाळावर आठी चढली, म्हणला दाजी, हा काय बाजार हाय काय? आणि मी उठलो. चप्पल घातली. मागं न बघता चालायला लागलो.

दहा पावलं झाली. वीस झाली. बांध ओलांडला. एस्टीच्या थांब्यावर जाऊन बसलो, एक गाडी सोडली मुद्दाम, म्हटलं येईल कुणी पळत. दुसरी गाडी आली. कंडक्टर म्हणला पावणं, चढायचं हाय का न्हाय, ही शेवटची. चढलो.

त्यानंतर मी गेलो न्हाय. धंदा वाढला. पन्हाळ्याला सहली येतात, तितं गाळा घेतला, पक्का, वर पत्रा, पुढं पडदा. म्हटलं आता बघा कुणाला सावली न्हाय ते. लोकांनी दुसरं लगीन कर म्हणून मागं लागून बघितलं. मी भांडलो त्यांच्याशी. संध्याकाळी गाळ्याच्या पायरीवर बसायचो आणि धुकं आलं की वाटायचं चंदगडला असंच धुकं असंल, ती चुलीपुढं बसली असंल, वांग गेले असतील का. काजूवाले यायचे तिकडचे, मी भाव काढत बसायचो तासभर, खरं म्हणजे तिची खबर काढायचो. हायत, बऱ्या हायत, एवढंच सांगायचे.

परवाच्या उन्हाळ्यात ताप आला मला, आठ दिवस पडून होतो, पाणी द्यायला कोण न्हाय. उठलो तसा गाळ्याला कुलूप घातलं आणि एस्टीत बसलो. पेढे न्हाय, कोट न्हाय.

दत्तू म्हातारा झालाय. सरकून जागा दिली. मग ती भाईर आली. केस पांढरे. आणि तोंड, देवा शप्पथ, पहिल्यासारखं निर्मळ, एक डाग न्हाय. माझ्याविना बरं झालेलं तोंड. ती दारात उभी राहिली आणि म्हणली, अवो, किती काळं पडलासा.

आत गेली, वाटीत साय घेऊन आली, पुढं ठेवली. लावा म्हणली. साठीला आलेला माणूस मी, मेव्हण्यासमोर तोंडाला साय लावून बसलो. मी म्हटलं हौसा, त्या दिवशी एक हाक मारली असतीस तर? ती म्हणली दाराआड उभी हुते मी, गाठोडं बांधून. हाक मी का मारायची? मला न्यायला तुम्ही आलतासा की. मी म्हटलं मग आता चल, पक्का गाळा हाय. ती म्हणली न्हाय, आता न्हाय, इतकी वर्षं हितं मुरले, तितलं ऊन मला आता झेपायचं न्हाय. तुम्ही येत जावा.

दत्तूवर अजून राग हाय माझा, तो मरेपर्यंत राहील, पण त्याच्या घरचा चहा पितो. पावसाळ्यात पन्हाळ्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा जातो, पंधरा-पंधरा दिवस सोप्यावर राहतो, ती आतनं बोलते, मी भाईरनं बोलतो. मग हंगाम आला की परत वर येतो, आणि दिवस मोजत बसतो.

एवढंच हाय बघा. लिहा तुम्ही. पण तुमच्या मालकीणबाई मघापासनं बुरुजापाशी उन्हात उभ्या हायत, त्यास्नी आधी हाक मारा. बसू द्या हितं पडद्याच्या आत. दोघं सुखानं राहा.